तेवीस अंशांचं तळं

थर्मामीटर हेल्मीच्या लापशीत उभा आहे हे नुत्साला दिसलं, तेव्हा सकाळचे सात वाजायला चार मिनिटं होती.

"गरम आहे का बघतेय," पाच वर्षांची हेल्मी म्हणाली. "तूच सांगितलंस, आधी बघायचं आणि मग तोंडात घालायचं."

नुत्साने थर्मामीटर उचलला. लाकडी चौकट हातात आली आणि काच लापशीतच राहिली. आतला तांबडा द्रव ओटच्या लापशीवर पसरला होता, आणि हेल्मीला तो बहुधा जॅम वाटत होता, कारण तिने चमचा उचललाच होता. नुत्साने वाटी हिसकावली, लापशी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली, पोरीचं तोंड धुतलं, दहाही बोटं तपासली, टेबलाखालच्या काचा वेचल्या. पोरगी सुखरूप आहे याची खात्री झाल्यावर मग आपल्या घरात काय मोडलंय ते तिच्या ध्यानात आलं.

बोट बुडाली असती तरी चाललं असतं, दुसरी होती. पण पोरीने तळ्यातून काढून आणलेला हा ओइवाआजोबांचा थर्मामीटर होता.

ओइवाआजोबा म्हणजे हेल्मीच्या आईचे, रीक्काचे, वडील. तळ्याकाठी त्यांचं लाकडी घर, घरासमोर पाण्यात गेलेला लाकडी धक्का, आणि धक्क्याच्या टोकाला दोरीने पाण्यात सोडलेला हा थर्मामीटर. बर्फ वितळल्यापासून थंडी पडेपर्यंत रोज सकाळी सात वाजता ओइवाआजोबा दोरी ओढून आकडा वाचत आणि मेणकापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. असे एकोणपन्नास उन्हाळे झाले होते आणि वहीत एकही सकाळ कोरी नव्हती. रीक्का जन्मली त्या दिवशीही ते आधी धक्क्यावर गेले आणि मग बायकोला घेऊन इस्पितळात. हिल्काआजी ही गोष्ट अजून सांगते, आणि सांगताना कॉफीचा कप जरा जोरात ठेवते. ओइवाआजोबांचा आकडा गावच्या वर्तमानपत्रात छापून येई. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या शहरातल्या संस्थेकडे दर वर्षी वहीची नक्कल जाई.

यंदाचा उन्हाळा पन्नासावा होता. आणि नेमके यंदाच ओइवाआजोबा साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, ओल्या पायरीवरून घसरले आणि खुबा मोडून ताम्पेरे शहराच्या इस्पितळात जाऊन पडले.

जाताना स्ट्रेचरवरून त्यांनी वही दिली ती नुत्साच्या हातात.

"रीक्का नऊशिवाय उठत नाही," ते मुलीकडे बघत म्हणाले होते. "आणि हिल्का सगळं अंदाजाने करते. मीठसुद्धा."

"तू अकरा उन्हाळे उत्तरेला रस्ते बांधत होतास, तेव्हा कोण लिहीत होतं?" हिल्काआजीने विचारलं होतं.

"तेव्हा तू सांगितलेलं ऐकायचीस."

नुत्सा बावीस वर्षांची, जॉर्जिया देशातल्या कुतैसी शहराची. वर्षभर ती रीक्काच्या घरी ओ-पेअर होती, आणि उन्हाळ्यात सगळेच तळ्याकाठी राहत. घरात राहायचं, हेल्मीला सांभाळायचं आणि भाषा शिकायची, असा तो व्यवहार. भाषा बरीच आली होती आणि शरद ऋतूत तिला ताम्पेरेच्या नर्सिंग शाळेत जायचं होतं. त्यासाठी इथल्या कुणा भल्या माणसाचं पत्र लागत होतं. "पन्नासावा उन्हाळा नीट पार पाड," ओइवाआजोबांनी स्ट्रेचरवरूनच सांगितलं होतं, "पत्र मी लिहीन. आजवर तिघांनाच दिलंय." शाळेच्या मुख्य बाई याच गावच्या. ओइवा लिहितो ते खोटं नसतं, हे ऐकतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. इस्पितळातून रोज याच वेळी वाजायचा.

"किती?" ओइवाआजोबांनी विचारलं. नमस्कार-चमत्कार त्यांना ठाऊक नव्हते.

काल अठरा होतं. खरं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि तोंड परस्पर म्हणालं, "साडेअठरा."

पलीकडे श्वास आत ओढल्याचा आवाज आला. म्हणजे आजोबा खूश होते. फोन बंद झाला. नुत्साने वहीत साडेअठरा लिहिलं, मोकळी चौकट दोरीला बांधून पाण्यात सोडून दिली, हेल्मीला दालचिनीच्या पावाचं आमिष दाखवून गप्प केलं, आणि सायकल काढली.

गावातलं दुकान अकरा किलोमीटरवर होतं.

"थर्मामीटर?" दुकानदारीणबाई म्हणाल्या. "साउनाचा आहे. चाळिसापासून सुरू होतो."

"त्याच्या खालचा?"

"तापाचा घे. पस्तिसापासून."

"त्याच्याही खालचा नाही का?"

"मांस भाजायचा आहे, पण तो पन्नासापासून. तळ्याचा हवा असेल तर शहरातून मागवते. आठवडा लागेल." बाई थांबल्या. "ओइवाचा मोडला की काय?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांचेही हात बटाट्यांवर थबकले.

"नाही नाही," नुत्सा म्हणाली. "आईला पाठवायचा होता. कुतैसीला."

"तिच्याकडे तळं आहे?"

"नाही."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. इकडची माणसं विचारत नाहीत, मनात ठेवतात, आणि ते जास्त वाईट. मागवायची सोय उरली नाही. नुत्सा चार दालचिनीचे पाव घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिने धक्क्यावर बसून उजव्या पायाचा अंगठा पाण्यात घातला. अंगठ्याला दोनच आकडे येत होते, थंड आणि फार थंड. त्या दिवशी थंड होतं. तिने पुन्हा साडेअठरा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. इथवर फारसं पाप नव्हतं.

चौथ्या दिवशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस होता. वारा धक्क्यावर उभं राहू देत नव्हता, आणि अंगठा म्हणत होता, फार थंड. फोन आला तेव्हा ओइवाआजोबांचा आवाज ओळखू येईना.

"किती?"

"तुम्ही जेवलात का काल?" नुत्साने विचारलं.

"किती ते सांग."

मागून नर्सचा आवाज आला, की आजोबा दोन दिवस ताटाला शिवलेले नाहीत आणि उभं राहायला नको म्हणतात. नुत्सा ज्या घरात वाढली होती तिथे पाहुणा "थोडंच वाढा" म्हणाला तर दुप्पट वाढायची रीत होती, आणि आजाऱ्याला तर वाईट बातमी सांगायचीच नसते. तळं गार पडलं असं या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"वीस," ती म्हणाली.

"वीस? या पावसात?"

"पावसात."

"आपली बाजू उथळ आहे," शेवटी ओइवाआजोबा म्हणाले. "ऊब धरून राहते." त्यांनी स्वतःलाच पटवून दिलं होतं. दुपारी रीक्काने सांगितलं, बाबा आज सूप प्यायले आणि खिडकीपर्यंत चालले.

झालं. वाटेवर पाय पडला तो पडलाच. वीस, साडेवीस, एकवीस. एकविसाला ओइवाआजोबा काठी घेऊन उभे राहिले. साडेएकविसाला त्यांनी बटाटे नीट उकडले नाहीत म्हणून स्वयंपाकघरात निरोप पाठवला. बावीस ऐकलं त्या दिवशी ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले, आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी रीक्काला फोन करून विचारलं की यांना घरून काही औषध पाठवता का. नुत्सा रोज रात्री ठरवायची की उद्या अर्धा अंश खाली आणायचा, आणि रोज सकाळी तिची हिंमत खचायची. एक अंश उतरला आणि माणूस पुन्हा अंथरुणाला खिळला तर?

घरातली माणसं त्याच तळ्यात रोज पोहत होती, हे तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. रीक्का साउनातून पाण्यात उडी मारायची आणि दात वाजवत बाहेर यायची.

"मला यंदा थंडी फार वाजते," ती एकदा टॉवेल गुंडाळत म्हणाली. "बावीस अंशांत कुणाला हुडहुडी भरते का? रक्त कमी झालंय माझं." दुसऱ्या दिवशी तिने लोहाच्या गोळ्या आणल्या. नुत्साने स्वतःला समजावलं, गोळ्यांनी नुकसान तर काही होणार नाही. हिल्काआजी रोज संध्याकाळी त्याच पाण्यात शांतपणे उतरायची, शांतपणे बाहेर यायची आणि अवाक्षर बोलायची नाही.

मग समोरच्या काठावरून ताइस्तो आला.

ताइस्तो आणि ओइवाआजोबा शाळेपासूनचे शेजारी. ताइस्तोचाही धक्का होता, थर्मामीटर होता, वही होती. फक्त त्याचं पाणी ओइवाआजोबांच्या पाण्यापेक्षा कायम दीड अंश थंड असे. ओइवाआजोबा गावात असत त्या प्रत्येक उन्हाळ्यात ते त्याला हे ऐकवत, आणि तो मान खाली घालून ऐके. आता ओइवाआजोबांनी इस्पितळातून त्याला फोन करून बावीस सांगितलं होतं. ताइस्तोकडे साडेसोळा होतं.

तो होडी वल्हवत आला, धक्क्याला लागला, पण वर चढला नाही.

"मी नवीन थर्मामीटर घेतला," तो म्हणाला. "तोही साडेसोळाच सांगतो."

"हो का," नुत्सा म्हणाली.

"ओइवाचा बघू जरा."

"तो सातलाच काढायचा असतो. आजोबांची सक्त ताकीद आहे."

हे ताइस्तोला पटलं, कारण ताकीद ओइवाची होती. त्याने बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हात लाल झाला.

"नुत्साच्या पायात थर्मामीटर आहे," धक्क्यावर बसलेली हेल्मी म्हणाली.

"पोरांचं काय," नुत्सा म्हणाली.

ताइस्तोने हात बाहेर काढला, पुसला. "मला थंडच लागतं," तो हळूच म्हणाला. "हात म्हातारा झाला माझा." आणि होडी वळवून निघून गेला. नुत्साला वाटलं होतं तो ओरडेल, खोटं पकडेल. ओइवाच्या आकड्यापुढे तो स्वतःच्या हातालाच खोटं ठरवेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि त्या म्हाताऱ्याच्या पाठमोऱ्या होडीकडे बघून तिला रडू आलं.

पुढच्याच आठवड्यात तेवीस हा आकडा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. सगळीकडे थंडगार उन्हाळा, आणि ओइवाच्या काठाला तेवीस. शनिवारी सकाळी रस्त्यावर सात गाड्या उभ्या राहिल्या. पोरंबाळं, चटया, कॉफीचे थर्मास घेऊन माणसं आली, पोहायला उतरली, आणि उतरल्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. एक उंच, धडधाकट गृहस्थ पाण्यातून वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि पायांवर काटा उभा होता.

"कसं आहे पाणी?" नुत्साने न राहवून विचारलं.

"तेवीस," तो दात वाजवत म्हणाला.

त्याच्या बायकोने पोराला पाण्यातून काढून तीन टॉवेलांत गुंडाळलं. "थंडी वाजते," पोरगं रडत होतं. "नाही वाजत," बाई त्याला समजावत होती. "आकडा बघितलास ना पेपरात?" नुत्सा घरात पळाली आणि दोन किटल्या कॉफी करून सगळ्यांना वाटून आली. आपण आख्ख्या गावाला न्युमोनिया करणार, या विचाराने तिला दुपारी जेवण गेलं नाही.

मंगळवारी फोन आला तो ओइवाआजोबांचा नव्हता. शहरातल्या संस्थेच्या डॉक्टर अन्नुक्का बोलत होत्या.

"पूर्ण तळं सतरा आहे आणि तुमचा काठ तेवीस," त्या म्हणाल्या. "हे कशाने होतंय ते शोधायला हवं. तळाशी काही फुटलंय का, कुठून गरम पाणी येतंय का. मी गुरुवारी यंत्रं घेऊन येते."

तासाभराने रीक्का आनंदाने नाचत आली. "बाबांना गुरुवारी घरी सोडताहेत. महिनाभर आधी. म्हणाले, तेवीस अंश स्वतःच्या डोळ्यांनी बघायचेत."

हिल्काआजी काठावर गोधडीसारख्या जाड चिंध्यांच्या सतरंज्या धूत होती. दर उन्हाळ्यात ती त्या पाइनच्या साबणाने घासून कठड्यावर वाळत घालायची. नुत्सा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि लापशीपासून तेवीसपर्यंत सगळं ओकून मोकळी झाली.

आजी घासत राहिली. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "रोज उतरते मी त्या पाण्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आकडा वाढवायचीस आणि तो जेवायचा. म्हटलं, वाढव." तिने सतरंजी उलटली. "तरी तेवीस म्हणजे जरा जास्तच झालं बाई. समुद्रकिनारी सुट्टीला गेल्यासारखं." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "कोणता अंगठा?"

"उजवा."

"डावा जास्त बरोबर सांगतो," आजी म्हणाली आणि ब्रश पुन्हा साबणात बुडवला. या बिकट वेळी आजीला थट्टा सुचते याचं नुत्साला नवल वाटलं.

गुरुवारी सगळेच आले. डॉक्टर अन्नुक्का पिवळ्या पेटीतली यंत्रं घेऊन आल्या. ताइस्तो होडीतून आला, खिशात नवा थर्मामीटर आणि काखेत वही. रीक्काने धक्क्यावर टेबल मांडून कॉफी आणि पाव ठेवले. टॅक्सीतून ओइवाआजोबा उतरले, चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालत आले, पण टेबलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते थेट धक्क्याच्या टोकाला गेले आणि वाकून दोरी ओढली.

लाकडी चौकट वर आली. आत काहीच नव्हतं. ओइवाआजोबांनी ती डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यातून त्यांना पलीकडे उभा असलेला ताइस्तो दिसला.

"काच कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"लापशीत," हेल्मी म्हणाली.

नुत्सा पुढे झाली. "तुम्ही गेल्यावर लगेचच मोडला. चोवीस आकडे मी अंगठ्याने लिहिले. नाही, अंगठ्यानेही नाही, मनाने. तुम्ही जेवत नव्हता म्हणून वाढवत गेले. पत्राचं राहू द्या आजोबा. मला फक्त माफ करा."

ओइवाआजोबा बाकावर बसले. "म्हणजे पन्नासावा कोरा," ते कुणालाच न उद्देशून म्हणाले. रीक्काने हातातली लोहाच्या गोळ्यांची बाटली पाहिली आणि खिशात टाकली.

डॉक्टर अन्नुक्कांनी यंत्र पाण्यात सोडलं होतं. "सतरा," त्या म्हणाल्या.

ताइस्तोने आपला थर्मामीटर बुडवून काढला. "सतरा," तो म्हणाला, आणि एकदा हाताकडे बघून घेतलं.

"खरं सांगू का," डॉक्टरबाई जरा अवघडून म्हणाल्या, "तो थर्मामीटर मोडला तेही एका परीने बरंच झालं. हे मला तुम्हाला कधीतरी सांगायचंच होतं, ओइवा. आमच्या मोजणीपेक्षा तुमचे आकडे कायम दीड अंश जास्त येतात. पहिल्या वर्षापासून. आम्हाला वाटायचं तुमचा काठ उथळ आहे. पण आता यंत्राने बघितलं, खोली बाकीच्या काठांइतकीच आहे. दोष थर्मामीटरचाच होता."

ओइवाआजोबांनी हातातली मोकळी चौकट उलटसुलट करून पाहिली. ताइस्तोला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे एकोणपन्नास वर्षं," तो सावकाश म्हणाला, "माझं पाणी थंड नव्हतं?"

"तुम्हा दोघांचं पाणी एकच होतं."

ताइस्तो टेबलापाशी गेला आणि कुणी न विचारता त्याने दुसरा पाव उचलला. इतक्या वर्षांच्या शेजारात त्याने असं कधी केलं नव्हतं.

"फक्त मधले अकरा उन्हाळे वेगळे आहेत," डॉक्टरबाईंनी कागद काढला. "ते आकडे इतके अचूक आहेत की आम्ही आमची जुनी यंत्रं त्यांच्यावरून पडताळली. तेव्हा तुम्ही कोणतं उपकरण वापरत होतात?"

ओइवाआजोबांनी मान वर केली. ती अकरा वर्षं कोणती ते त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. हिल्काआजी कपात कॉफी ओतत होती.

"डावा अंगठा," ती म्हणाली.

नुत्साच्या हातातली बशी खाली पडली.

"कडेवर रीक्का, आणि त्या बारीक रेघा मला चष्म्याशिवाय दिसेनात," आजी पुढे म्हणाली. "चष्मा लागलाय हे तेव्हा तुला सांगायचं नव्हतं. लग्नाआधी सात वर्षं डेअरीत होते मी. दुधात बोट घातलं की अर्ध्या अंशाचाही फरक चुकत नसे. तळ्याचं काय एवढं."

"अकरा वर्षं," ओइवाआजोबा म्हणाले. खुबा मोडला तेव्हाही ते इतके हादरले नव्हते. "रोज फोनवर बोलायचो आपण. मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कुठे," हिल्काआजी म्हणाली. "तू फक्त 'किती' विचारायचास."

तिने भरलेला कप त्यांच्या पुढ्यात ठेवला, या वेळी अगदी हळू. ओइवाआजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ प्यायले नाहीत. ताइस्तोने पाव संपवला, बोटं पुसली आणि काखेतली वही टेबलावर सरकवली.

"चोवीस सकाळी आहेत यात," तो म्हणाला. "पाणी एकच आहे म्हणतात. उतरवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ओइवाआजोबा वही मांडीवर घेऊन धक्क्यावर बसले होते. हिल्काआजीने डावा पाय पाण्यात सोडला. नुत्सा आणि हेल्मी मागे उभ्या होत्या.

"किती?" ओइवाआजोबांनी विचारलं. मग थांबले, आणि घसा खाकरून म्हणाले, "झोप लागली का नीट?"

"लागली," आजी म्हणाली. "साडेसतरा."

त्यांनी आकडा लिहिला. उपकरणाच्या रकान्यात एकोणपन्नास वर्षं एकच शब्द होता. तो खोडून त्यांनी तिथे हिल्का असं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली.

मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढून नुत्साला दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. तिने कागद उघडला. अक्षर वहीतल्यासारखंच, सरळ आणि टोकदार होतं. "ही मुलगी वर्षभर माझ्या कुटुंबात होती. हिच्या बोलण्याने अंथरुणाला खिळलेला माणूस जेवू लागतो आणि चालू लागतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तिला जरूर घ्यावं. रुग्णांचा ताप मात्र दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावा."